ओढ्याकाठचा शीळकरी

(नभोवाणीवरील भाषण)

पावसाळा सुरू झाला म्हणजे आपणांपैकी पुष्कळ मंडळी पुण्याहून पौडच्या वाटेने मुळशी-ताम्हिणीकडे येतात. काही संध्याकाळी परत फिरतात, काही रात्री मुक्काम करतात. मुक्काम करणाऱ्यांना कधी कधी एक चमत्कारिक अनुभव येतो. पहाटेचे पाच वाजण्याचा सुमार असतो. पाऊस घटकाभर थांबलेला असतो, झाडांवरून पाणी टपटपत असते आणि बाहेर अजून काळोख असतो. अशा वेळी ओढ्याच्या अंगाने कोणीतरी शीळ घालू लागते. शीळ अगदी माणसाची. गोड आणि भरदार. पण गाणे म्हणावे तर त्याला धड आरंभ नाही आणि धड शेवट नाही. एखादा मुलगा रमतगमत चालला आहे, ऐकलेले गाणे आठवून पाहतो आहे, दोन सूर बरोबर लागतात, तिसरा भलतीकडेच जातो, मग तो थांबतो आणि पुन्हा निराळ्याच ठिकाणाहून सुरुवात करतो, असा भास होतो. शहरातून आलेला पाहुणा सकाळी चहा घेताना यजमानास विचारतो, "एवढ्या पहाटे कोणाचा मुलगा हिंडत असतो हो इकडे?" यजमान हसून सांगतो, "मुलगा नव्हे, पाखरू आहे ते."

त्या पाखराविषयी आज मी बोलणार आहे. मराठीत पक्ष्यांचा अभ्यास करणारे त्यास शीळकरी कस्तूर म्हणतात. इंग्रजीत त्याचे नाव मलबार व्हिसलिंग थ्रश असे आहे. परंतु त्या भाषेत त्याला व्हिसलिंग स्कूलबॉय, म्हणजे शीळ घालणारा शाळकरी मुलगा, असे एक लाडके नावही पडले आहे आणि ते अद्याप चालू आहे. हे दुसरे नाव ऐकून लोक हसतात. मला मात्र हसू येत नाही. त्याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मी पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. मुळशी तालुक्यातील खेड्यांत मुलांना शिकविण्यात माझी सारी नोकरी गेली. १९८६ साली मी एका लहानशा शाळेवर होतो. शाळेच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर ओढा. जुलै महिना, शनिवार, सकाळची शाळा. आभाळ इतके भरून आले होते की, साडेसात वाजून गेले तरी फळ्यावरचे अक्षर दिसेना. मी गणित घालीत असता मागच्या खिडकीकडून शीळ ऐकू आली. मी थांबलो, तशी शीळ थांबली. पुन्हा फळ्याकडे वळलो, तो शीळ पुन्हा सुरू. मुले तोंडे दाबून हसू लागली. त्या खिडकीजवळ चौथीतला एक मुलगा बसत असे. गुरे राखून शाळेला येणारा, अभ्यासात यथातथा आणि शीळ घालण्यात पटाईत. मी दुसरी चौकशी केलीच नाही. तो म्हणाला, "गुर्जी, म्या न्हाई. वढ्यावरलं पाखरू हाय त्ये." हे उत्तर मला उद्धटपणाचे वाटले आणि मी त्याला एकाऐवजी दोन छड्या दिल्या.

दुसरे दिवशी रविवार. शाळा बंद. मी शाळेच्याच एका खोलीत राहत असे. सकाळी दार उघडतो तो तीच शीळ, तेच अर्धवट सूर! आवारात एकही मूल नव्हते. मी छत्री घेऊन ओढ्याकडे गेलो. पाण्याच्या मधोमध एका खडकावर काळासा पक्षी बसला होता. शीळ त्याच्याच कंठातून निघत होती. इतक्यात ढगांतून थोडा उजेड आला आणि त्या काळ्या पक्ष्याच्या कपाळावर व खांद्यांवर निळा रंग चमकून गेला. मी तेथे किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. पक्षी उडून गेल्यावर मनात पहिला विचार आला तो त्या मुलाच्या तळहातांचा.

सोमवारी मी सर्व वर्गापुढे सांगितले की, शनिवारी चूक माझी झाली, शीळ याने घातली नव्हती. मुलगा खाली पाहत राहिला. शाळा सुटल्यावर मात्र तो माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "गुर्जी, त्याचं घर दावू का?" त्या दिवसापासून ओढ्यावर तो गुरू आणि मी शिष्य असा आमचा व्यवहार ठरला. आज मी जे सांगणार आहे त्यांतील काही पुस्तकांतून मिळविलेले आहे आणि काही त्या मुलाने दाखविलेले आहे.

प्रथम या पक्ष्याची ओळख करून घेऊ. आकाराने तो साधारण साळुंकीएवढा, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा; पाय मात्र जरा उंच आणि मजबूत. चोच काळी, पाय काळे, अंग निळसर काळे. कपाळावर आणि खांद्यांवर झगझगीत निळे पट्टे असतात. पण ते सावलीत दिसतच नाहीत. पक्ष्यांच्या पिसांतील निळा रंग हा बहुधा रंगद्रव्याचा नसतो. पिसाची अतिसूक्ष्म बांधणी अशी असते की, तिच्यावर पडलेल्या प्रकाशातील निळा भाग तेवढा परत फिरतो. म्हणून उजेड पडला तर निळाई, नाही तर काळोख. नर आणि मादी सारखीच दिसतात. पिले तपकिरी झाकेची असून त्यांच्या कपाळी ती निळी खूण नसते. दगडावरून दगडावर हा पक्षी टुणटुण उड्या मारीत जातो आणि नव्या दगडावर टेकला की, शेपटी पंख्याप्रमाणे उघडतो आणि मिटतो. ही लकब एकदा पाहिली म्हणजे दुरूनही ओळख चुकत नाही.

शास्त्रात त्याचे नाव मायोफोनस हॉर्सफिल्डी. १८३१ साली निकोलस व्हिगर्स या गृहस्थाने त्याचे वर्णन करून हे नाव दिले. हॉर्सफिल्ड हा अमेरिकेत, पेनसिल्व्हानिया प्रांतात, १७७३ साली जन्मलेला डॉक्टर. तो जावा बेटावर पुष्कळ वर्षे राहिला, तेथील प्राणी-वनस्पतींचा त्याने अभ्यास केला आणि पुढे लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयाचे काम पाहिले. अशा रीतीने सह्याद्रीच्या ओढ्यावरील पाखरास एका अमेरिकन माणसाचे नाव चिकटले. मायोफोनस या ग्रीक शब्दाचा अर्थ माश्यांचा संहार करणारा असा आहे. यातही एक गंमत आहे. दीर्घकाळ या पक्ष्याची गणना थ्रश, म्हणजे कस्तूर कुळात होत असे. अलीकडे आनुवंशिक द्रव्याची तुलना करून पाहता तो त्या कुळातला नसून माशीमार पक्ष्यांच्या कुळाचा आहे असे ठरले. तेव्हा नावापुरताच तो कस्तूर राहिला, आणि जुन्या लोकांनी ठेवलेले माशीमार हे नाव कुळापुरते का होईना खरे ठरले.

मलबार या शब्दानेही फसू नये. गुजरातेतील डांगच्या जंगलापासून तो थेट केरळपर्यंत सह्याद्रीच्या सर्व ओलीने हा पक्षी राहतो. सातपुड्यात आणि पूर्व घाटाच्या काही डोंगरांतही तो आहे. आपल्याकडे माथेरान, लोणावळा-खंडाळा, भीमाशंकर, महाबळेश्वर, आंबोली ही त्याची ठिकाणे. या सर्व ठिकाणांत सामान्य गोष्ट एकच: डोंगर, दाट सावली आणि खडकांवरून धावणारे पाणी. भारताबाहेर हा पक्षी राहत नाही. तो आपला, आपल्याच डोंगरांचा आहे.

आता मुळशीचा प्रदेश डोळ्यांपुढे आणा. घाटमाथ्यावर पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडणे येथे नवलाचे नाही; तेथून पन्नास-साठ किलोमीटरवर असलेल्या पुणे शहरात त्याच्या सातवा-आठवा हिस्साही पडत नाही. मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने बांधलेले धरण १९२७ साली पुरे झाले. त्यापूर्वी, १९२१ साली, आपल्या जमिनी आणि घरे बुडू नयेत म्हणून येथील मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, हे श्रोत्यांस माहीत आहेच. सत्याग्रहास यश आले नाही. खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला, गावे वर सरकली किंवा दूर गेली. राहते घर पाण्यात जाणे म्हणजे काय, हे या तालुक्याला कोणी शिकवावे लागत नाही.

धरणाने खोऱ्याचा तळ घेतला, परंतु डोंगरांच्या घळींतून उतरणारे ओढे वरच राहिले. शीळकऱ्यास साठलेले खोल पाणी उपयोगाचे नाही. त्याला उथळ आणि खळाळणारे पाणी हवे, पाण्यात उघडे दगड हवेत आणि काठावर जांभूळ, अंजन, आंबा अशा झाडांची सावली हवी. देवरायांतून उगम पावणारे ओढे यासाठी फार चांगले. देवाचे रान म्हणून तेथे कुऱ्हाड लागलेली नसते, त्यामुळे जमिनीत मुरलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत झिरपत राहते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व विद्वानांपुढे मांडले. शीळकरी कस्तुराला ते आधीच ठाऊक असावे, असे विनोदाने म्हणावेसे वाटते.

त्याचा आहार पाहिला म्हणजे ओढ्याचे आणि त्याचे नाते कळते. किडे, अळ्या, गांडुळे, गोगलगायी, लहान बेडूक, आणि विशेषेकरून खेकडे. पहिला पाऊस पडून खेकडे बिळांतून बाहेर पडू लागले की याची चंगळ होते. लहानसा खेकडा चोचीत धरून तो ठराविक दगडावर नेतो आणि धोबी कपडा आपटतो त्याप्रमाणे आपटतो. नांग्या गळून पडतात, कवच फुटते, मग आतले मांस खाण्यास मोकळे होते. माझ्या विद्यार्थ्याने मला असा एक दगड दाखविला होता. त्याच्याभोवती कवचांच्या तुकड्यांचा सडा पडलेला असे. "ह्यो त्याचा पाटा," असे तो म्हणत असे. किड्यांच्या जोडीला हा पक्षी रानफळेही खातो.

आता मुख्य विषयाकडे येतो. हा पक्षी शीळ का घालतो?

आपण माणसे शीळ घालतो ती ओठांनी, आणि बहुधा काही काम नसते तेव्हा. म्हणून शीळ म्हणजे उनाडपणा अशी समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे. मी त्या मुलाला मारले त्याच्या मुळाशीही हीच समजूत होती. पक्ष्याला ओठ नाहीत. त्याचे स्वरयंत्र, ज्यास इंग्रजीत सिरिंक्स म्हणतात, ते आपल्यासारखे गळ्याच्या वरच्या टोकाला नसून श्वासनलिका जेथे दुभंगून दोन फुप्फुसांकडे जाते त्या जागी, छातीत खोल असते. दोन्ही फाट्यांत स्वर निर्माण करण्याची सोय असते आणि गाणाऱ्या पक्ष्यांना या दोन बाजू स्वतंत्रपणे चालविता येतात. म्हणजे एकाच छातीत दोन बासऱ्या आहेत असे समजावे. गाणाऱ्या पक्ष्यांचे गाणे जन्मजात पुरते तयार नसते. पिलू आपल्या जातीतील मोठ्यांचे ऐकते, घोकते आणि चुकत चुकत शिकते. शीळकरी कस्तूर तर इतका ग्रहणशील आहे की, पूर्वी पिंजऱ्यात पाळलेल्या पक्ष्यांनी माणसांनी शिकविलेल्या चाली उचलल्याच्या नोंदी आहेत. ही त्याची विद्याच त्याच्या बंदिवासाचे कारण झाली.

परंतु रानात तो करमणुकीसाठी गात नाही. विणीचा हंगाम आला की ओढ्याचा एकेक तुकडा एकेका जोडप्याच्या ताब्यात जातो. त्या तुकड्यात जितके खेकडे, जितके किडे, जितक्या कपारी, तितकीच त्या जोडप्याची मिळकत. तिची हद्द काट्याकुंपणाने राखता येत नाही; ती आवाजाने राखावी लागते. "येथे मी आहे, ही जागा भरलेली आहे," असे शीळ सांगते. शेजाऱ्यास ती इशारा असते आणि जोडीदारास आश्वासन. ज्याला आपण फिरस्त्या मुलाची शीळ समजतो ती वस्तुतः संसार राखणाऱ्याची हाळी आहे.

ती पहाटेच का, याचीही कारणे अभ्यासक देतात. काळोखात भक्ष्य दिसत नाही, तेव्हा तो वेळ गाण्यास मोकळा असतो. वारा पडलेला असतो, इतर आवाज थोडे असतात आणि स्वर दूरवर पोचतो. शिवाय रात्रभरात कोणी शेजारी दगावला असेल तर त्याची जागा बळकावण्यास दुसरा टपलेला असतो; म्हणून दिवस उगवण्यापूर्वीच हजेरी द्यावी लागते. शाळेत हजेरीपट घेऊन बसणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार पटली!

आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगतो. शीळेखेरीज या पक्ष्याची एक कर्कश, तीक्ष्ण हाकही आहे: क्री, क्री, अशी. धबधब्याजवळ आपण दोघे उभे राहिलो तर एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही, कारण पाण्याच्या गर्जनेत खालच्या सुरांचा भरणा असतो आणि आपला आवाज त्यात बुडतो. परंतु अगदी वरचा, टोकदार सूर त्या गर्जनेवर तरंगून ऐकू येतो. जगात ठिकठिकाणी खळाळत्या प्रवाहाकाठी राहणाऱ्या पुष्कळ पक्ष्यांची हाक अशीच उंच आणि तीक्ष्ण असते. आमचा शीळकरी पाण्याजवळून उडताना ही हाक देतो आणि लांब, गोलाकार शीळ निवांत वेळेसाठी राखून ठेवतो. पावसाळा संपला की शीळ बंद होते. मग वर्षभर केवळ ही हाक. म्हणून हिवाळ्यात आलेले लोक म्हणतात, "येथे तो पक्षी नाही." पक्षी असतो, त्याला बोलण्याचे कारण उरलेले नसते.

अमेरिकेच्या पूर्वभागातील रानात वुड थ्रश नावाचा एक पक्षी आहे. तो खरा कस्तूर कुळातला. तपकिरी पाठ, पांढऱ्या छातीवर काळे ठिपके. त्याच्याही छातीत दोन बासऱ्या आहेत, आणि तो त्या एकदम वाजवितो, म्हणून त्याच्या शेवटच्या सुरात दोन स्वर मिसळलेले ऐकू येतात. थोरो या विख्यात लेखकाने आपल्या रोजनिशीत या गायनाची मनापासून स्तुती केली आहे. तो पक्षी हिवाळा लागला की हजारो किलोमीटर उडून मध्य अमेरिकेत जातो. उन्हाळ्यातील रान आणि हिवाळ्यातील रान, अशी दोन घरे त्याला सांभाळावी लागतात आणि दोन्हीकडे जंगलतोड झाल्यामुळे गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्याची संख्या पुष्कळ घटली आहे. आमच्या शीळकऱ्याला असा प्रवास नाही. सोयीप्रमाणे तो डोंगरात थोडा वरखाली होतो, इतकेच. त्याला एकच घर सांभाळावयाचे असते. पण ते एक गेले म्हणजे दुसरे नाही.

आता त्या घराविषयी. माझा विद्यार्थी मला ओढ्याच्या वरच्या अंगास घेऊन गेला. तेथे दीड पुरुष उंचीची पाण्याची धार पडते. धारेच्या बाजूला, तुषार उडत असतात अशा कपारीत, शेवाळाचा एक गोळा दिसत होता. सांगितले नसते तर ते घरटे आहे हे मला कळले नसते. शेवाळ, बारीक मुळ्या आणि गवत चिखलाने लिंपून केलेली ती खोलगट वाटी होती. अशा जागी साप किंवा मांजरकुळातला प्राणी सहजासहजी पोचत नाही आणि धारेच्या आवाजात पिलांची चिवचिव झाकून जाते. अंडी दोन ते चार, फिकट गुलाबी झाकेची, त्यांवर तांबूस ठिपके. सुमारे सोळा-सतरा दिवस ती उबवावी लागतात. नर आणि मादी दोघेही उबवितात आणि पिलांना भरविण्याचे काम दोघे वाटून घेतात. फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत केव्हाही वीण होते; मात्र भर पावसात, जेव्हा आपण घराबाहेर पडण्यास कंटाळतो, तेव्हा या जोडप्याची धावपळ ऐन भरात असते. त्याचे कारण उघड आहे. तेव्हाच ओढा वाहतो आणि तेव्हाच खाणे मुबलक असते.

आम्ही दोघे पलीकडच्या काठावरून, एका जांभळीच्या आडून, ते घरटे पाहत असू. जवळ जाण्यास तो मला मनाई करी. "आपुन जवळ गेलो तर वाट पडती, गुर्जी. वाटंनं मुंगूस येतंय." ही गोष्ट मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नव्हती. एकदा रात्रभर पाऊस कोसळून ओढ्याला लोंढा आला. सकाळी आम्ही धावत गेलो. खालचा, खेकडे फोडण्याचा दगड बेपत्ता झाला होता. कपारीच्या वीतभर खाली पाणी उसळत होते आणि घरटे जागच्या जागी होते. एक पक्षी चोचीत किडा घेऊन आला, शेपटी उघडून मिटली आणि आत वाकला. मुलगा काही बोलला नाही, मीही काही बोललो नाही. पुढच्या वर्षी त्याच कपारीत पुन्हा नवे शेवाळ लागलेले दिसले.

ही झाली त्या वेळची हकीगत. आता आजची सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी त्या डोंगरउताराचे लहान लहान भूखंड पाडले गेले. गाड्यांना रस्ता हवा म्हणून ओढ्याचा तो भाग सिमेंटच्या नळांतून नेला, कपारीचा खडक यंत्राने फोडला आणि दोन्ही काठांस भिंती घातल्या. कोणी केले ते सांगण्यात अर्थ नाही; बेकायदा काही झाले असेही मी म्हणत नाही. पाणी अजूनही वाहते, पण ते नळातून वाहते. त्यात दगड नाही, खेकडा नाही, सावली नाही. गेल्या पावसाळ्यात मी तेथे तीन पहाटे जाऊन उभा राहिलो. शीळ ऐकू आली नाही. टेकडी ओलांडून पलीकडच्या घळीत गेलो, तेथे मात्र दोन ठिकाणी ऐकू आली.

ही जात आज नामशेष होण्याच्या मार्गावर नाही, हे मी मुद्दाम सांगतो. जगातील पक्ष्यांची स्थिती नोंदविणाऱ्या यादीत तिची गणना धोक्याबाहेरच्या जातींत आहे. २०१३ साली ताम्हिणीचे अभयारण्य घोषित झाले आणि तेथील ओढ्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. रानातला पक्षी धरून पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरले आहे. हे सर्व चांगले झाले. परंतु एखादी जात जगात टिकून राहते आणि आपल्या घरामागच्या ओढ्यावरून नाहीशी होते, असेही घडते, आणि याची नोंद कोणत्याही यादीत होत नाही. अभयारण्याच्या हद्दीबाहेर शेकडो ओहोळ आहेत. त्यांचे भवितव्य सरकारपेक्षा तेथे जमीन घेणाऱ्या आणि सुट्टीत येणाऱ्या माणसांच्या हाती आहे. म्हणजे, श्रोतेहो, बरेचसे आपल्याच हाती आहे.

म्हणून जाता जाता चार गोष्टी सुचवितो. मुळशीकडे कोणी बंगला बांधीत असाल तर आवारातील ओहोळ नळात घालू नका. त्याचे दगड काढू नका, काठची झाडे राहू द्या. पाणी दिसावयास स्वच्छ हवे म्हणून काठ सिमेंटचे करण्याचा मोह आवरा. दुसरी गोष्ट, हा पक्षी कधी कधी घराच्या वळचणीला किंवा रिकाम्या घरात घरटे करतो. शेवाळाचा चिखलट गोळा दिसला तर झाडूने पाडू नका. महिना-दीड महिना थांबा, पिले उडाली की जागा आपलीच आहे. तिसरी, रात्री ओढ्याकडे प्रखर दिवे आणि मोठ्या आवाजाची वाद्ये लावू नका. चौथी गोष्ट तरुण छायाचित्रकारांसाठी. मोबाईलमध्ये मुद्रित केलेली शीळ वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याची युक्ती काही लोक करतात. त्याला वाटते, दुसरा कोणी आपल्या हद्दीत घुसला. मग तो घरटे सोडून त्या नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो आणि तेवढा वेळ पिले उपाशी राहतात. आपल्याला चित्र मिळते. त्याची किंमत दुसरा कोणी देतो.

माझा तो विद्यार्थी आता पन्नाशीच्या घरात आला आहे. सातवीनंतर त्याची शाळा सुटली. वडिलांची भातशेती तो करतो आणि त्याच्या वाट्याला आलेल्या जमिनीतून जो ओहोळ जातो त्यास त्याने हात लावलेला नाही. विकत घेणारे आले होते; त्याने जमीन दिली नाही, त्याची कारणे अनेक असतील. दरवर्षी मृगाच्या आसपास त्याचा मला दूरध्वनी येतो. फार बोलणे होत नाही. "गुर्जी, सुरू झालं बरं का," इतकेच तो सांगतो, आणि मी पहिली एस. टी. धरून त्याच्याकडे मुक्कामाला जातो.

यंदा पावसाळ्यात आपणही मुळशीस आलात आणि पहाटे शीळ ऐकू आली, तर अंथरुणातून उठा. मुलांनाही उठवा. दिवा न लावता, न बोलता ओढ्यापासून थोडे दूर उभे राहा. शीळ घालणारा दिसलाच पाहिजे असे नाही. शीळ ऐकू आली म्हणजे तेथील पाणी अजून जिवंत आहे, खडक जागेवर आहेत आणि एक कुटुंब त्यांच्या आधाराने राहत आहे, इतके निश्चित समजा. आणि जेथे पूर्वी ऐकू येत असे तेथे ती ऐकू आली नाही, तर ओढ्याचे काय झाले आहे ते जाऊन पाहा. शीळ ऐकून चौकशी न करता निकाल दिल्याचे फळ मी एकदा भोगले आहे. शीळ बंद पडल्यावर चौकशी न करणे ही त्याहून मोठी चूक होईल.